सातारचें वसतिगृह

इंग्लंडांतील खासगी शाळांनीं श्रद्धा, सहवास व महत्त्वाकांक्षा हीं शिक्षणाचीं अंगें मानलीं. परंतु तेथील वसतिगृहें बहुधा श्रीमंतांच्याच मुलांकरितां असत. भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें, तें मात्र गरिबांसाठीं. तेथें सर्व जातिधर्मांचीं मुलें अंगमेहनत करीत, एकत्र रांधीत आणि एका पंक्तीस जेवीत. घरांत धान्य उरेना तेव्हां लक्ष्मीबाई पाटील यांनीं दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रहि दिलें. त्यांची श्रद्धा अशी कृतींत उतरली. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें वसतिगृहास शाहू छत्रपतींचें नांव देण्यांत आलें. १९४७ सालीं रयत शिक्षण संस्थेनें साताऱ्यास महाविद्यालय काढलें, आणि खेड्यांतल्या मुलाला पदवीची आकांक्षा धरणें शक्य झालें.