साथीचा काळ आणि शिक्षक

साथीच्या काळात शिक्षकाने काय करावे, हा प्रश्न आपण बहुधा कर्तव्याचा म्हणून मांडतो. तो तितकाच ज्ञानाचाही आहे, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे राज्यातील शाळा बंद झाल्या. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड, पालम या बाजूची बरीच कुटुंबे दरसाल ऊसतोडीला बाहेर पडतात. अशी कुटुंबे गावी परतली म्हणजे कोणत्या घरी कोण आले, हे शिक्षकाइतके कोणास ठाऊक? हजेरीपटाच्या निमित्ताने त्याला घर न् घर माहीत असते. म्हणूनच राज्यात ठिकठिकाणी शिक्षकांना सर्वेक्षणावर आणि तपासणी नाक्यांवर नेमण्यात आले. सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली. पथके घरोघर ताप व रक्तातील प्राणवायू मोजू लागली.

अशा कामावर जाणाऱ्याच्या मनाला दोन वाटा फुटतात. एकाला उंबरठ्याचीही भीती वाटते. दुसरा ‘मला काय होते’ म्हणून थेट माजघरात जाऊन बसतो. वृत्ती निराळ्या दिसल्या तरी उणीव एकच, रोग पसरतो कसा हे नीट ठाऊक नसणे. हा विषाणू श्वासावाटे हवेत येतो. कोंदट खोलीत धोका अधिक, उघड्या अंगणात कमी. ताप नसलेला माणूसही रोग देऊ शकतो. एवढे उमगले की शिक्षक तोंड झाकून अंगणातच उभा राहतो, आणि निर्धास्तपणे विचारपूस करतो.

१८९७ साली पुण्याच्या प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करीत होत्या. त्यातच १० मार्च रोजी त्या निवर्तल्या. प्लेग पिसवांमार्फत पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच संशोधकाने दाखविले ते १८९८ साली. बाईंचे धैर्य उणे नव्हते. उणे होते ते त्या काळचे वैद्यक.

कोरोनाच्या वेळीही ज्ञान बदलत गेले. आरंभी वस्तू धुण्यापुसण्यावर फार भर होता. पुढे हवा खेळती ठेवण्याचे महत्त्व कळले. असा बदल शिक्षकापर्यंत हुकमाच्या कागदाबरोबर, कारणासह पोहोचला पाहिजे. नुसता हुकूम मिळालेला शिक्षक रकाने भरतो. कारण समजलेला शिक्षक ते दहा घरी समजावून सांगतो.