राणीबागेतले परदेशी पाहुणे

राणीबागेच्या फाटकातून आत शिरलात की आधी कुठे पळता? पेंग्विनकडे! पळा खुशाल. पण ही बाग मुळात झाडांची, बरं का! भायखळ्याला ती १८६२ साली उघडली, तेव्हा तिला व्हिक्टोरिया गार्डन्स म्हणत. प्राणी आले १८९० मध्ये आणि पेंग्विन तर अगदी अलीकडे, २०१६ साली. आज पाटीवर 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' लिहिलेलं असलं, तरी मुंबईकरांच्या तोंडी राणीबागच!

इथली कितीतरी झाडं मूळची परदेशातली. झाडं आली खरी, पण त्यांच्या फुलांवर बसणारे तिकडचे किडे आणि पाखरं थोडीच बरोबर आली? मग परागकण इकडचे तिकडे कोण नेणार? आणि फळं धरणार कशी?

आधी कैलासपतीला विचारू. हा दक्षिण अमेरिकेतला, म्हणजे राणीबागेतल्या पेंग्विनच्याच खंडातला. याची फुलं फांदीच्या शेंड्याला येत नाहीत. फणसासारखी थेट खोडावरच लगडतात. फूल जवळून बघा. सहा जाड पाकळ्या, आतून गुलाबी-लाल. मधोमध आखूड पुंकेसरांचं गोल कडं आणि त्यावर वाकलेला नागफणा. त्या फण्यातही पुंकेसरच, पण मेख अशी, की फण्यातले परागकण फक्त खाऊ म्हणून. त्यांच्यापासून बी होत नाही. बी होते ती कड्यातल्या परागकणांमुळे. या फुलात मध नसतोच, म्हणून ही मेजवानी!

ती खायला येतो आपला काळा, गुबगुबीत, लाकूड पोखरणारा भुंगा. तो फण्याखाली घुसतो आणि खाऊ गोळा करतो. तेवढ्यात कड्यातले परागकण त्याच्या पाठीला चिकटतात. पोट भरून स्वारी दुसऱ्या फुलात गेली, की झालं झाडाचं काम! मग खोडावर तपकिरी, टणक, जवळजवळ नारळाएवढी फळं लटकतात. ती पिकली की धपकन खाली पडतात आणि फुटली की असा वास सुटतो, की नाक धरून पळाल! म्हणून या झाडाखाली उभं राहताना वर लक्ष ठेवा.

गोरखचिंच आफ्रिकेची. तिच्या अगडबंब, मऊ खोडात पाणी साठलेलं असतं. कोरड्या दिवसांत ती पानं गाळून टाकते आणि त्या साठ्यावर निभावते. तिची पांढरी, मोठाली फुलं लांब देठांवर खाली लोंबतात आणि उमलतात अंधार पडल्यावर. रात्री कोण येणार? फळं खाणारी वटवाघळं! ती आफ्रिकेत आहेत, तशी आपल्याकडेही आहेत. म्हणजे गोरखचिंचेचीही सोय झाली.

आणि म्यानमारची उर्वशी? लालचुटूक फुलांचे लांब घोस मिरवणारी ही सुंदरी. तिची कोवळी पानं ओल्या रुमालासारखी लुळी लोंबत असतात. पाहणाऱ्याला वाटतं, झाड सुकलं! पण काही दिवसांत तीच पानं हिरवी होऊन ताठ होतात. हिला मात्र बागांमध्ये शेंगा फार क्वचित धरतात. मग माळीदादा फांदीची थोडी साल काढतात, तिथे ओलं शेवाळ बांधतात आणि मुळं फुटली की फांदी कापून लावतात. याला म्हणतात गुटी कलम. भुंगा नाही, वटवाघूळ नाही, इथे माणूसच मदतीला धावला!

आता तुमचं काम. कैलासपतीखाली पडलेलं एखादं फूल उचला. झाडावरचं तोडायचं नाही हं! नागफणा अलगद वर करा, दोन्हीकडच्या पुंकेसरांना बोट लावा आणि खाऊचे परागकण कुठले, बियांचे कुठले, ते आईबाबांना तुम्हीच समजावून सांगा. फक्त बुधवारी जाऊ नका, त्या दिवशी राणीबाग बंद असते!