उडण्याआधीचे विमान

बेंगळुरूत जुना मद्रास रस्ता आणि एचएएल विमानतळ रस्ता यांना जोडणाऱ्या रस्त्याला सुरंजन दास यांचे नाव आहे. विंग कमांडर दास यांनी जून 1961मध्ये ‘मरुत’ हे भारतात आरेखन झालेले पहिले जेट लढाऊ विमान प्रथम उडवले. त्याच्या दोन वर्षे आधी, 1959मध्ये, एचएएल या विमाने बनवणाऱ्या कंपनीने अगदी त्याच मापाचे एक लाकडी ग्लायडर बांधले होते. त्याला इंजिन नव्हते. डाकोटा विमानाने दोरीने ओढत वर न्यायचे आणि सोडून द्यायचे. मरुतचे आरेखनकार कुर्ट टँक यांनी आखलेला पंख हवेत कसा वागतो हे कळावे म्हणून त्या ग्लायडरची 78 उड्डाणे झाली आणि मगच खऱ्या विमानाची पाळी आली.

एचएएल विमानतळाच्या धावपट्टीवरून 4 जानेवारी 2001 रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी हलके लढाऊ विमान, म्हणजे आजचे ‘तेजस’, पहिल्यांदा आकाशात नेले. उड्डाण 18 मिनिटांचे झाले. हे विमान कारखान्यातून लोकांसमोर आले होते 17 नोव्हेंबर 1995 रोजी. मधली पाच वर्षे ते जमिनीवरच होते.

या धावपट्टीच्या पूर्वेला, हवाई अंतराने दहा किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी अंतरावर, व्हाइटफील्ड आहे. म्हैसूरच्या चामराज वडेयर महाराजांनी 1882मध्ये अँग्लो-इंडियन वसाहतीसाठी ही जमीन दिली आणि डी. एस. व्हाइट यांच्या नावाने गाव वसले. आता तिथे आयटी पार्क आहे, मेट्रो काडुगोडीपर्यंत पोचली आहे, आणि उंच इमारतींमध्ये पुण्या-नागपुरातून नोकरीसाठी आलेली मराठी घरेही आहेत. अशा एखाद्या घरात जेवणाच्या टेबलावर दीड मीटर पंखांचे रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमान जोडून तयार होते, तेव्हा हा लेख ज्याविषयी आहे तो प्रश्न उभा राहतो. ते पहिल्यांदा उडवायचे कसे?

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. हे खेळणे नव्हे. ताशी 54 किलोमीटर वेगाने येणारे मॉडेल माणसाला धडकले, तर तेच वजन साडेअकरा मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ चौथ्या मजल्यावरून, अंगावर पडल्यासारखे लागते. दहा इंची प्रॉपेलर मिनिटाला आठ हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी 380 किलोमीटरच्या घरात जातो. बोट गेलेच म्हणून समजा. हे आकडे घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. पुढची सगळी तयारी कशासाठी करायची ते त्यांवरून कळते.

व्हाइटफील्डमध्ये तर तयारीची सुरुवात विमानापासून होतच नाही, नकाशापासून होते. एचएएलच्या विमानतळावरची प्रवासी वाहतूक मे 2008मध्ये देवनहळ्ळीला गेली, पण धावपट्टी बंद झाली नाही. तिथे आजही लष्करी विमाने उतरतात, नव्या विमानांच्या चाचण्या होतात, आणि पूर्वेकडून उतरणारे विमान वर्तूर परिसरावरून खाली येते. 2021च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय 200 फुटांपर्यंतच उडवता येते. त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवताच येत नाही. नजरेच्या टप्प्यात, केवळ छंद, शिक्षण किंवा संशोधनासाठी उडवल्या जाणाऱ्या 25 किलोपर्यंतच्या मॉडेलला प्रकार-प्रमाणपत्रातून सूट आहे. पण आकाशाच्या या विभागणीतून सूट नाही. म्हणून ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा पाहायची. इमारतीची गच्ची, सोसायटीची बाग, शाळेचे मैदान या जागा सोडूनच द्यायच्या. होसकोटे किंवा मालूरच्या दिशेने पुढे, मालकाच्या परवानगीने मिळालेले मोकळे रान शोधायचे आणि तिथलाही नकाशा पाहायचा. शहराच्या पूर्व टोकाला राहणाऱ्यांना हे त्रासाचे वाटते. मला ते योग्य वाटते. वरून जाणाऱ्या विमानात माणसे असतात.

आता टेबलावरचे विमान.

सगळ्यात आधी तोल. मॉडेल विमानांच्या छंदात याला सगळे ‘सीजी’च म्हणतात. बॅटरी, रिसीव्हर, मोटर, सगळे जागच्या जागी बसवून पंखाखाली दोन्ही बाजूंना एकेक बोट लावायचे आणि विमान उचलायचे. शिकाऊ विमानात हा बिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पंचवीस ते तीस टक्के मागे असावा. म्हणजे पंख 20 सेंटिमीटर रुंद असेल, तर पुढच्या कडेपासून 5 ते 6 सेंटिमीटरवर. तिथे बोटे ठेवल्यावर विमान सपाट राहिले किंवा नाक किंचित झुकले, तर ठीक. शेपूट खाली गेली, तर उड्डाण नाही. नाकाकडे जड विमान आळशासारखे उडते, उतरताना वेग जास्त लागतो, पण ते हाताशी राहते. शेपटीकडे जड विमान जमीन सोडताच नाक वर काढते, एलेव्हेटरच्या (शेपटीवरच्या आडव्या हलत्या पट्टीच्या) जराशा हालचालीला भलतीच दाद देते आणि वेग गमावून एका पंखावर कोसळते. उडवणाऱ्याला यात चार-पाच सेकंद मिळतात. तोल साधायला आधी बॅटरी पुढेमागे सरकवून पाहायची. त्याने भागले नाही, तरच नाकात शिसे घालायचे. सीजी एका सेंटिमीटरने चुकला तरी विमानाचा स्वभाव बदलतो, म्हणून इथे अंदाज चालत नाही. पट्टी घ्यायची, पेन्सिलीने खूण करायची. पंखांचा डावा-उजवा तोलही पाहायचा, आणि मागून डोळा लावून पंखाला पीळ तर पडलेला नाही ना हे बघायचे.

मग नियंत्रणे. पहिल्या उड्डाणात मोडलेल्या विमानांमागे सर्वात साधे आणि सर्वात घातक कारण म्हणजे उलटे जोडलेले एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या. सर्व्हो कोणत्या बाजूला बसवला आहे त्यावर दिशा ठरते आणि ट्रान्समीटरमध्ये एक खूण चुकली की ती उलटते. टेबलावर पट्ट्या हलताना दिसतात, म्हणून माणूस समाधानाने मान डोलावतो; कोणत्या बाजूला हलतात हे पाहायचे राहते. तपासायची पद्धत एकच: विमानाच्या मागे, शेपटीकडे तोंड करून उभे राहायचे. ट्रान्समीटरची काठी उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर आणि डावा खाली. काठी स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर वर. रडर उजवीकडे नेला की मागची कडा उजवीकडे. हे मोठ्याने बोलत करायचे आणि शेजारच्या माणसाने ऐकत पाहायचे. मैदानावर पंख जोडल्यावर हे सगळे पुन्हा करायचे, कारण घरी बरोबर जोडलेल्या दोन एलेरॉनच्या वायरींची मैदानावर घाईत अदलाबदल होऊ शकते.

प्रत्येक बिजागरी बोटांनी ओढून पाहायची. सर्व्होच्या हातावरचा बारीक स्क्रू विसरण्यात अनुभवी माणसेही सापडतात. सळईच्या टोकाच्या चिमट्यावर सिलिकॉनच्या नळीचा तुकडा चढवायचा, म्हणजे हादऱ्याने तो उघडत नाही. नवख्याने हालचालींचा पल्ला कमी ठेवायचा आणि काठीच्या मधल्या भागात प्रतिसाद मऊ राहील असे, म्हणजे तीसेक टक्के एक्स्पो, ठेवायचे. आजच्या ट्रान्समीटरमध्ये हे दोन मिनिटांचे काम आहे.

विजेचा भाग थोडक्यात सांगतो. शिकाऊ विमानाला किलोमागे 200 वॅट म्हणजे भरपूर. तीन सेलची लिपो बॅटरी पूर्ण भरल्यावर 12.6 व्होल्ट दाखवते, म्हणजे सेलला 4.2, ती सेलला साडेतीनच्या खाली रिकामी करू नये. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, जळू न शकणाऱ्या पिशवीत आणि नजरेसमोरच चार्ज करायची. घरात कोणी नसताना किंवा रात्रभर लिपो चार्जिंगला ठेवू नका. मोटर फिरवून पाहायची असेल, तर प्रॉपेलर काढून. हा नियम मोडणाऱ्यांच्या हातावर टाके असतात.

आता रेडिओ. जुन्या 27 किंवा 72 मेगाहर्ट्झच्या काळात दोघांचा स्फटिक एकाच क्रमांकाचा निघाला की एक विमान जायचे. त्यासाठी मैदानावर क्रमांकांच्या चिमट्यांची फळी असे. 2.4 गिगाहर्ट्झचे आजचे संच लहर सतत बदलत राहतात, त्यामुळे तो धोका जवळजवळ संपला. पण दोन चाचण्या आजही हव्यातच. पहिली पल्ल्याची: ट्रान्समीटर कमी शक्तीच्या स्थितीत टाकून तीस पावले दूर जायचे, मदतनिसाने विमान धरायचे, आणि मोटर बंद असताना व चालू असतानाही सगळी नियंत्रणे झटका न देता हलतात का हे पाहायचे. दुसरी फेलसेफची: प्रॉपेलर काढलेला असताना मोटर अर्ध्यावर फिरवायची आणि ट्रान्समीटर बंद करायचा. मोटर थांबली पाहिजे. थांबली नाही, तर संपर्क तुटलेले तुमचे विमान पूर्ण शक्तीने कुठेतरी जाणार आहे. रोजच्या वापरात मात्र ट्रान्समीटर आधी चालू करायचा आणि शेवटी बंद करायचा.

चाचण्या आणि चिकाटी यांचा विषय निघाला की मेनार्ड हिल यांचे उदाहरण मला नेहमी आठवते. 77 वर्षांच्या या अमेरिकन माणसाची दृष्टी जवळजवळ गेली होती. ऑगस्ट 2003मध्ये त्यांचे पाच किलोपेक्षा कमी वजनाचे, बाल्सा लाकडाचे मॉडेल न्यूफाउंडलंडहून निघाले आणि 38 तास 52 मिनिटांनी आयर्लंडमध्ये उतरले. अटलांटिक ओलांडणारे ते पहिले मॉडेल विमान. इंधन उतरताना जवळजवळ संपलेले होते. आधीचे प्रयत्न फसले होते, पण हिल यांनी हार मानली नाही. अटलांटिक ओलांडलेल्या विमानाचे नाव टॅम-5 होते. त्यातला पाच हा आकडा माझ्या मते त्या सगळ्या कहाणीत सर्वात बोलका आहे.

व्हाइटफील्ड आणि आसपासच्या हवेविषयीही सांगायला हवे. हा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटरवर आहे. हवा मुंबईपेक्षा आठ-नऊ टक्के विरळ. त्यामुळे तेच विमान इथे जमीन सोडायला आणि उतरायला चार-पाच टक्के जास्त वेग मागते, आणि प्रॉपेलरची ओढही थोडी कमी मिळते. मुंबईच्या मैदानावर सहज उडणारे जड विमान इथे धावपट्टीच्या टोकापर्यंत रेंगाळेल, याचा अंदाज आधीच धरायला हवा. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा दिवसभर सुटलेला असतो. पहाटेचे दोन तास पहिल्या उड्डाणासाठी सगळ्यात चांगले.

मैदानावर पहिले उड्डाण वाऱ्याच्या तोंडाला होते. उडवणारा विमानाच्या मागे उभा राहतो, बाकी सगळे त्याच्या मागे. वर गेल्यावर आधी उंची, मग ट्रिम, कसरती नाहीत. पुरेशी उंची असताना एकदा वेग मुद्दाम कमी करून विमान कोणत्या वेगाला लटपटते ते पाहून ठेवायचे, कारण उतरताना तोच वेग टाळायचा असतो. विमान आपल्याकडे येत असताना डावे-उजवे उलटे वाटते. तेव्हा जो पंख खाली झुकला आहे त्या बाजूला काठी न्यायची. घड्याळ चार मिनिटांवर लावायचे आणि बॅटरी शिल्लक असताना उतरायचे. नवख्याने हे सगळे एकट्याने करू नये. दोन ट्रान्समीटर जोडून उडवता येते, त्यात शिक्षक एका कळीने नियंत्रण स्वतःकडे घेऊ शकतो. एनसीसीच्या हवाई शाखेतल्या मुलांना मॉडेल विमाने करायला शिकवतात; घरात तसा कॅडेट असेल, तर त्याच्याकडून शिकण्यात कमीपणा मानू नये.

मरुतच्या लाकडी ग्लायडरपासून तेजसच्या पाच वर्षांपर्यंत या शहरातल्या विमानांनी एक रीत पाळली आहे. विमान बांधणारा आणि ‘आज उडवू नका’ असे सांगू शकणारा, हे दोघे वेगळे असतात. घरच्या छंदात हे दुसरे पद रिकामे राहते आणि पहिल्याच दिवशी विमान मोडते, ते मुख्यतः त्यामुळे. पुण्याहून आलेल्या आईवडिलांना दाखवायचे आहे, मुले उतावीळ आहेत, कॅमेरा तयार आहे. अशा सकाळी उडवणाऱ्याला स्वतःला थांबवणे फार कठीण जाते. म्हणून पहिल्या उड्डाणाला एक जाणता माणूस बरोबर न्या. त्याच्या हातात विमान द्या, त्याला तपासू द्या, आणि त्याने नाही म्हटले तर बॅटरी काढून, पंख सोडवून विमान गाडीत ठेवा आणि पुढच्या रविवारी परत या.