गिअरबॉक्स गेला! उघडून बनवायचा की दुसरा टाकायचा? आधी हा हिशोब करा



सकाळचे साडेपाच वाजलेत. गाडीत माल भरलाय, सात वाजता गिऱ्हाइकाच्या दारात पोहोचायचंय. तुम्ही पहिला गिअर टाकता आणि खालून करकर आवाज येतो. दुसरा तर पडतच नाही. कशीबशी गाडी गॅरेजला नेता. मिस्त्री खाली वाकून बघतो, फडक्याला हात पुसतो आणि म्हणतो, "साहेब, गिअरबॉक्स गेला. बनवायचा की दुसरा टाकायचा, बोला."

अशा वेळी बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, "स्वस्तात काय होईल?"

मीही हेच विचारलं होतं. पॅकिंगच्या मालाचा धंदा होता, डिलिव्हरीची व्हॅन जुनी होती. स्वस्तात मिळाला म्हणून जुन्या गाडीतून काढलेला गिअरबॉक्स टाकला. पावती नाही, गॅरंटी तोंडी. दीड महिन्यात त्याची बेअरिंग बोलायला लागली. गिअरबॉक्स परत उतरवला, म्हणजे मजुरी दुसऱ्यांदा. आणि त्या दोन खेपांच्या खाड्यात एका कॅन्टीनची रोजची ऑर्डर गेली, ती कायमची. गिअरबॉक्सवर वाचवलेले पैसे मला आजही आठवतात, कारण ते वाचलेच नव्हते.

म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ. गाडी तुमच्या धंद्याचं मशीन आहे, आणि मशीनचा निर्णय घाबरून घ्यायचा नसतो.

पहिली गोष्ट: खरंच गिअरबॉक्सच गेलाय का?

"गिअर पडत नाही" म्हणजे गिअरबॉक्स गेला असं दर वेळी नसतं. खर्चाला हो म्हणण्याआधी मिस्त्रीसोबत उभं राहून एवढं तपासा:

१. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात, पण चालू असताना पडत नाहीत? मग क्लच पूर्ण सुटत नसण्याची शक्यता जास्त. केबल, क्लचचं तेल, प्रेशर प्लेट आधी बघा.

२. इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी वेग घेत नाही? बहुतेक वेळा क्लच प्लेट झिजलेली असते.

३. गाडी न्यूट्रलला, पाय क्लचवर नाही आणि घरघर येतेय. क्लच दाबला की आवाज बंद होतो? ही गिअरबॉक्समधल्या बेअरिंगची खूण. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल, तर रिलीज बेअरिंगचा संशय. ती क्लचच्या कामात बदलते.

४. फक्त एकाच गिअरला करकर होते? त्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग झिजलेली असू शकते. गिअर आणि शाफ्टचा वेग जुळवून देणारी ही रिंग असते. ती झिजली की दात दातांवर घासतात.

५. टाकलेला गिअर चालता चालता निसटतो? फोर्क, हब किंवा गिअरचे दात झिजल्याची शक्यता. पण बाहेरचा लिव्हर, जोडण्या आणि माउंटिंगही एकदा बघून घ्या.

६. गिअरबॉक्सचं तेल काढून बघा. मॅग्नेटवर काळपट, बारीक लेप असणं नेहमीचं आहे. बोटाला टोचतील असे तुकडे असतील, तर आत काहीतरी तुटलंय. तेलच कमी निघालं, तर कुठलं सील गळतंय ते शोधा, नाहीतर नवा गिअरबॉक्सही त्याच वाटेने जाईल.

तुमची गाडी एएमटी असेल तर एक वेगळी सूचना. मारुतीची सेलेरिओ २०१४ मध्ये एएमटी घेऊन आली आणि नंतर हा प्रकार आपल्याकडे बराच पसरला. त्यात आतला गिअरबॉक्स साध्या मॅन्युअलसारखाच असतो. क्लच आणि गिअर बदलायचं काम यंत्रणा करते. बिघाड त्या यंत्रणेत असू शकतो. आधी स्कॅनर लावून घ्या. आणि पूर्ण ऑटोमॅटिक गाडी असेल, तर ते काम रोज करणाऱ्याकडेच जा. कोपऱ्यावरच्या गॅरेजचं ते काम नव्हे.

आणि हो, "आजचा दिवस ओढू" म्हणून तशीच गाडी चालवू नका. एका बेअरिंगचा खर्च शाफ्टपर्यंत जातो तो असाच.

दुसरी गोष्ट: तुमच्यापुढे पर्याय किती?

मिस्त्री दोन सांगतो. प्रत्यक्षात पाच असतात.

*उघडून बनवणे.* गिअरबॉक्स उतरवायचा, खोलायचा, झिजलेल्या बेअरिंग, रिंगा, सील बदलायची आणि परत बसवायचा. बाहेरची बॉडी शाबूत असेल, दात तुटलेले नसतील, पार्ट मिळत असतील आणि हे काम येणारा फिटर असेल, तर हा चांगला मार्ग. अडचण एकच: उघडल्याशिवाय खरा आकडा कळत नाही.

*जुन्या गाडीतून काढलेला टाकणे.* मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड अशा मालासाठी प्रसिद्ध आहे. छोट्या शहरांतही स्क्रॅपवाले असतात. काम लवकर होतं, पैसे कमी लागतात. पण तो किती चालला, त्यात तेल होतं की नव्हतं, हे कुणीच सांगू शकत नाही.

*रिकंडिशन केलेला, अदलाबदलीत.* तुमचा जुना द्यायचा, तयार केलेला घ्यायचा, वर फरक भरायचा. गॅरंटी लेखी असेल तर हा मधला चांगला मार्ग.

*नवी असेंब्ली.* सगळ्यात निश्चिंत, सगळ्यात महाग. जुन्या मॉडेलची मिळेपर्यंत थांबावंही लागतं.

*गाडीच बदलणे.* हाही पर्याय आहे आणि त्याचाही हिशोब करायचा.

बॉडीला तडा गेला असेल, बेअरिंग बसते ती जागाच खाल्ली गेली असेल, किंवा दात तुटून त्याचे तुकडे सगळीकडे फिरले असतील, तर बनवण्याचा हट्ट सोडा. तिथे दुसरा गिअरबॉक्सच बरा.

तिसरी गोष्ट: गाडी अजून किती महिने धंद्यात राहणार?

आता लक्ष देऊन वाचा, सगळा निर्णय इथे आहे. खर्चाचा आकडा एकटा बघायचा नाही. सूत्र असं:

(काम + पार्ट + गाडी उभी राहिल्याचं नुकसान) ÷ ती दुरुस्ती तुम्हाला उपयोगी पडेल ते महिने = महिन्याचा खर्च

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. समजा तुमचा छोटा हत्ती आहे, अकरा वर्षं जुना. डिझेल वजा जाता दिवसाला ९०० रुपये सुटतात.

उघडून बनवायला: २२,००० रुपये. गाडी ६ दिवस उभी, म्हणजे ५,४०० रुपये. एकूण २७,४००. दोन वर्षं चालेल असं धरलं, तर महिन्याला साधारण १,१४० रुपये.

जुना गिअरबॉक्स टाकायला: मजुरीसह १५,००० रुपये. गाडी २ दिवस उभी, १,८०० रुपये. एकूण १६,८००. दहा महिने चालेल असं धरलं, तर महिन्याला १,६८० रुपये.

नवी असेंब्ली: ४५,००० रुपये. ३ दिवसांचे २,७०० रुपये. एकूण ४७,७००. तो गिअरबॉक्स पुढे पाच वर्षं चालेलही, पण गाडी तुम्ही दोनच वर्षं ठेवणार असाल, तर महिन्याला जवळपास १,९९० रुपये.

म्हणजे दिसायला स्वस्त होता तो पर्याय महाग निघाला. बरोबर?

थांबा. आता फक्त एक गोष्ट बदलू. समजा सहा महिन्यांनी तुम्ही ही गाडी काढून मोठी घेणार आहात, हे पक्कं ठरलंय. मग भागाकार सहाने करायचा. बनवण्याचा खर्च महिन्याला ४,५६७ रुपये, जुना टाकण्याचा २,८०० रुपये. उत्तर उलटलं! गाडी तीच, मिस्त्री तोच, दरही तेच. तुमचा बेत बदलला म्हणून निर्णय बदलला.

म्हणून मिस्त्रीच्या प्रश्नाचं उत्तर गॅरेजमध्ये नसतं, तुमच्या वहीत असतं. गाडीचं आयुष्य मिस्त्री सांगेल. गाडी धंद्यात किती दिवस ठेवायची ते तुम्हीच सांगायचं.

गाडी उभी असताना भाड्याची गाडी लावणार असाल, तर बुडालेल्या कमाईऐवजी भाड्यामुळे वाढलेला खर्च धरा. मात्र बांधलेलं गिऱ्हाईक असेल तर दुसरी गाडी लावाच. एक दिवस ९०० रुपये बुडतात ते भरून निघतं. गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेलं की ते वहीत कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

चौथी गोष्ट: दुरुस्ती की हप्ता?

मागच्या बारा महिन्यांत या गाडीवर तेल-टायर सोडून किती दुरुस्ती झाली, किती दिवस ती उभी राहिली, हे लिहून काढा. त्यात आजचा खर्च मिळवा आणि बाराने भागा. समजा आकडा ४,००० आला आणि दुसरी गाडी घेतल्यास हप्ता ९,५०० रुपये पडणार असेल, तर जुनी गाडी अजून परवडते. दोन्ही आकडे जवळ यायला लागले, किंवा गिअरबॉक्सपाठोपाठ इंजिनही तेल खायला लागलं, तर गाडी बदलायची वेळ आली.

इथे कागदपत्रांचाही विचार करा. मालवाहू किंवा प्रवासी वाहतुकीच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी परत करावी लागते. जुन्या गाड्यांना महाराष्ट्रात पर्यावरण करही आहे. दोन-तीन महिन्यांत असा खर्च येणार असेल, तर तो आजच हिशोबात धरा.

आणि एक वाक्य मनातून काढून टाका: "गेल्या वर्षी इंजिनला चाळीस हजार घातलेत, आता सोडवत नाही." ते पैसे गेले. आज तुम्ही काहीही ठरवलंत तरी ते परत येणार नाहीत. हिशोब नेहमी आजपासून पुढचा करायचा. फक्त एवढं बघा की त्या खर्चामुळे इंजिन आज खरंच चांगलं आहे का. असेल तर गाडी ठेवायला ते एक कारण आहे.

पाचवी गोष्ट: काम देताना काय बोलायचं?

- "उघडल्यावर मला बोलवा. पार्ट बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही." उघडण्याआधी वरची मर्यादाही ठरवा: "एवढ्याच्या वर गेलं तर थांबायचं."

- पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. बदललेले जुने पार्ट परत मागा.

- गॅरंटी किती महिने आणि किती किलोमीटर? आणि मुख्य प्रश्न: परत उतरवावा लागला तर मजुरी कोणाची? माझी चूक इथेच झाली होती.

- गिअरबॉक्स उतरलेलाच आहे, तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनचं मागचं ऑइल सील तपासून घ्या. झिजलं असेल तर आत्ताच बदला. नंतर बदलायचं म्हटलं की तीच मजुरी परत.

- जुना घेणार असाल, तर मॉडेल, वर्ष, इंजिनचा प्रकार जुळतो का ते बघा. नुसता "बसतो" म्हणून घेऊ नका. शाफ्ट हाताने फिरवून बघा, तेलाचा वास आणि रंग बघा.

- पावती घ्याच. आरसीवर इंजिन आणि चासी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे इंजिन बदलल्यावर आरटीओत नोंद करावी लागते तशी इथे लागत नाही. पण माल चोरीचा निघाला, तर तुमच्या हातात पावतीच असते.

- जीएसटी नंबर असेल, तर बिलावर तो टाकून घ्या. मालवाहू गाडीच्या दुरुस्तीवरचा कर नियमित योजनेत असलेल्यांना इनपुट क्रेडिट म्हणून मिळू शकतो. साध्या प्रवासी कारला ते सहसा मिळत नाही, कंपोझिशनवाल्यांनाही नाही. आपल्या सीएला विचारून घ्या.

आज एवढंच करा

गाडी बिघडायची वाट बघू नका. आज रात्री वहीच्या एका पानावर तीन आकडे लिहा: गाडी दिवसाला किती कमावते, मागच्या वर्षी तिने किती खाल्लं, आणि अजून किती महिने तुम्ही ती ठेवणार आहात. शिवाय दर महिन्याला हजार-दीड हजार रुपये "गाडी दुरुस्ती" म्हणून वेगळे टाका. उधारीवर घेतलेला निर्णय आणि हातात पैसे असताना घेतलेला निर्णय, यात फार फरक असतो.

मग एखाद्या सकाळी मिस्त्रीने हात पुसत विचारलं, "बनवायचा की दुसरा टाकायचा?", तर तुम्ही घाबरणार नाही. वही काढाल आणि म्हणाल, "आधी उघडून दाखव. मग सांगतो."

भेटूया पुढच्या लेखात. धंदा सांभाळा, गाडीही सांभाळा!