उसाचा ट्रॅक्टर आणि इंधन पंपाची मर्यादा

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पणदरे परिसरात पिकणारा ऊस गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या छत्रपती या सहकारी साखर कारखान्यांकडे जातो, आणि त्यातला बराचसा दोन ट्रेलर जोडलेल्या ट्रॅक्टरने ओढला जातो. भरल्या ट्रेलरनिशी ट्रॅक्टर चढावर अडू लागला, की ‘पंप वाढवून घेण्याचा’ उपाय पुढे येतो. म्हणजे कंपनीचा मूळ पंप तोच ठेवून त्याची मर्यादा ठरवणारा स्क्रू फिरवायचा आणि प्रत्येक फवाऱ्याला जास्त डिझेल सोडायचे. मूळ पंप वाढीव ताकदीला पुरतो का, याचे उत्तर अशा डिझेल इंजिनाबाबत बहुधा ‘काही प्रमाणात पुरतो’ असेच येते. परंतु त्याने दिलेले डिझेल जाळायला इंजिनाजवळ पुरेशी हवा आहे का, हे त्याआधी पाहावे लागते आणि नेमके तेच पाहिले जात नाही.

ट्रॅक्टरच्या इंधनमार्गात दोन पंप असतात. टाकीतले डिझेल ओढून फिल्टरमधून पुढे ढकलतो तो लिफ्ट पंप, आणि तेच डिझेल मोजून, प्रचंड दाबाने, नेमक्या क्षणी नोझलकडे पाठवतो तो इंजेक्शन पंप. साध्या यांत्रिक रचनेत सुमारे २०० बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास दोनशेपट दाब झाला की नोझल उघडते आणि डिझेलचा फवारा सिलिंडरमध्ये उडतो. ५० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण ११ लिटर डिझेल जाळते असे धरले, तर मिनिटाला २१०० फेरे घेणाऱ्या तीन सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला ३१५० फवारे उडतात आणि एका फवाऱ्याच्या वाट्याला जेमतेम ०.०५८ मिलिलिटर डिझेल येते. इतक्या सूक्ष्म मापात केलेली वाढ कानाने किंवा धुराच्या रंगावरून ठरवता येत नाही. पंप टेस्टिंग बेंचवर चढवून प्रत्येक सिलिंडरचे डिझेल वेगवेगळ्या मापनळीत घेऊनच ती मोजावी लागते.

एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. मात्र हवा आणि इंधन मिसळायला फार थोडा वेळ मिळत असल्याने हे प्रमाण अठरा-वीस किलोंच्या खाली उतरले, की धूर काळा पडू लागतो. टर्बो नसलेले इंजिन आपल्या सिलिंडरच्या आकारमानाएवढीच हवा ओढू शकते, त्यामुळे त्या हद्दीपलीकडे सोडलेल्या डिझेलपासून ताकद फारशी मिळत नाही. काजळी वाढते, एक्झॉस्टचे तापमान चढते, पिस्टनचा माथा आणि व्हॉल्व्ह भाजून निघतात आणि न जळलेले डिझेल उतरून इंजिन ऑइल पातळ होते. काळा धूर ही ताकदीची खूण आहे, हा समज म्हणूनच शेतकऱ्याला दोनदा खर्चात पाडणारा आहे, एकदा डिझेलच्या आणि पुन्हा इंजिनाच्या कामाच्या.

टर्बो बसवून हवा वाढवली, की पंपाची खरी कसोटी लागते. ५० ऐवजी ६० अश्वशक्ती हवी असेल तर डिझेलही सुमारे २० टक्के जास्त लागते. ते मूळ प्लंजरने द्यायचे झाल्यास, म्हणजे डिझेल दाबणाऱ्या दट्ट्याने, फवारा अधिक काळ चालू ठेवावा लागतो, ज्वलन लांबते आणि उष्णता वाया जाते. याउलट ९ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटर व्यासाचा प्लंजर घेतला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २३ टक्के वाढते आणि तेवढेच डिझेल कमी वेळात जाते. मात्र त्याला जुळणारे नोझल लागते आणि टायमिंगही नव्याने बसवावे लागते. ही उठाठेव करण्याआधी फिल्टर आणि लिफ्ट पंप तपासणे शहाणपणाचे, कारण भाराखाली ट्रॅक्टर मरतुकडा होण्याचे कारण अनेकदा तुंबलेला फिल्टर एवढेच असते.

पेट्रोल गाडीत चित्र उलटे असते. तेथे टाकीतला विजेवर चालणारा पंप साधारण तीन-चार बार दाबाने इंधन पुरवतो, आणि दाब वाढला किंवा विजेचा दाब उतरला की त्याचा पुरवठा घटतो. टर्बो जोडल्यावर पंप अपुरा पडला, तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट होऊ लागतात आणि पिस्टन वितळू शकतो. म्हणून पूर्ण भारावर इंधनाचा दाब टिकतो का, हे गेज लावून पाहणे तेथे अनिवार्य ठरते. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशाइतकीच ऊर्जा असल्याने २० टक्के मिश्रणावर तेवढ्याच ताकदीसाठी सहा-सात टक्के जास्त इंधन लागते, आणि पंपातली शिल्लक क्षमता तेवढी आधीच खर्ची पडते.

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना ‘ट्रेम ४’ हे उत्सर्जन निकष लागू झाले. त्यांतील कॉमन रेल इंजिनांत इंधनाचे माप संगणक ठरवतो, त्यामुळे स्क्रू फिरवण्याची सोयच उरत नाही. शिवाय नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ मनाई करते. या मनाईमागचे कारण उसाच्या रस्त्यावर सहज दिसते: पंप वाढवल्याने ट्रॅक्टर जास्त ओझे ओढू लागतो, पण ते ओझे उतारावर थोपवणारे ब्रेक मात्र पूर्वीइतकेच राहतात.