लाडू घेतले, फाइल घेतली का?

एप्रिल उजाडला की काळेवाडीतल्या सोसायट्यांमध्ये हुकाचा वजनकाटा या घरातून त्या घरात फिरू लागतो. बॅग काट्याला लावायची, आकडा तेवीस किलोच्या पुढे गेला की पुन्हा उघडायची. पापड बाहेर, गोडा मसाला आत. नातवासाठी केलेल्या लाडवांच्या डब्याला कुणी हात लावत नाही. औषधांची पिशवी मात्र सगळ्यात शेवटी आठवते आणि जिथे जागा असेल तिथे कोंबली जाते.

पवनेच्या पलीकडच्या पिंपरीत कारखाने आले आणि तिथे कामाला लागलेल्या कुटुंबांनी काळेवाडी भरत गेली. पहिली पिढी सायकलवरून शिफ्टला गेली. दुसरीने डिप्लोमा केला, इंजिनिअरिंग केले आणि कंपनीच्या बसने चाकणची वाट धरली. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. जर्मन यंत्रे आणि जर्मन साहेब या पट्ट्याच्या ओळखीचे झाले, आणि ‘मुलगा जर्मनीत असतो’ हे वाक्यही आता इथे नवलाचे राहिलेले नाही. मुलगा तिकडे स्थिरावला की दोन-तीन वर्षांत आईवडिलांचे तिकीट निघते.

असे एक जोडपे डोळ्यासमोर आणा. वडील सदुसष्ट वर्षांचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. बारा वर्षांपासून मधुमेह, रक्तदाबाची गोळी, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवलेला. आई एकसष्ट वर्षांची, थायरॉइडची गोळी चालू आणि गुडघे दुखरे. मुक्काम तीन महिन्यांचा. व्हिसासाठी प्रवासविमा काढायचा असतो. त्या अर्जात एक साधा प्रश्न येतो: ‘पूर्वीपासून काही आजार आहे का?’ ‘हो’ म्हटले तर हप्ता वाढतो, कधी तपासण्या मागतात, कधी अर्ज नाकारतात. ‘नाही’वर टिक केली की पाच मिनिटांत पॉलिसी मोबाइलवर येते. ‘तीन महिन्यांत काय होणार आहे?’ असे म्हणत घरातलेच कुणीतरी ‘नाही’वर बोट ठेवते.

खरा धोका तिथून सुरू होतो.

एक खोटे, दोन अडचणी

परदेशात रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत दुखू लागले आणि त्यांना रुग्णालयात नेले, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो: आधीचे आजार कोणते, औषधे कोणती? खरे सांगितले तर ते रुग्णालयाच्या नोंदीत जाते. विमा कंपनी दावा तपासताना हीच नोंद मागवते. तिथे ‘बारा वर्षांपासून मधुमेह, स्टेंट’ लिहिलेले आणि अर्जावर ‘नाही’, असे दिसले की दावा फेटाळला जाऊ शकतो.

दावा वाचवायचा म्हणून डॉक्टरांपासूनही आजार लपवला, तर ते जिवावर बेतू शकते. स्टेंट असलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतात. ती माहीत नसतील तर रक्तस्रावाचा अंदाज चुकतो. मूत्रपिंड अशक्त असेल तर अँजिओग्राफीसाठी रंगद्रव्य टोचताना मेटफॉर्मिन काही काळ थांबवावे लागते. मधुमेहच सांगितला नाही, तर त्या गोळीचा विचार कोण करणार?

बरीच ज्येष्ठ मंडळी यातून तिसरा मार्ग काढतात: बोलायचेच नाही. ‘गॅस झाला असेल, सकाळी बघू. पोराला कशाला खर्चात पाडायचे?’ हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी बंद पडली असेल, तर प्रत्येक तासाला स्नायूचा आणखी थोडा भाग मरत असतो. बिलाच्या भीतीने घालवलेली रात्र पुढच्या कुठल्याही औषधाने भरून येत नाही. अर्जावर आजार खरा लिहिण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. विमा भक्कम आहे हे माहीत असलेला माणूस दुखले की लगेच सांगतो.

कोणते कार्ड कुठवर चालते?

महात्मा फुले जनआरोग्य योजना, आयुष्मान भारत, ईएसआयसी यांची कार्डे आपल्या देशातल्या रुग्णालयांसाठी आहेत. कंपनीची किंवा घरची नेहमीची मेडिक्लेमही सहसा भारतातल्या उपचारांपुरतीच असते. विमानतळाच्या पलीकडे ही सगळी कार्डे पाकिटात पडून राहतात.

जर्मनीसह शेंजेन देशांच्या अल्प मुदतीच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा लागतो. तातडीचे उपचार, आजारपणामुळे मायदेशी परत आणणे आणि मृत्यू झाल्यास त्यानंतरची व्यवस्था यांचा त्यात समावेश हवा. या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. हा विमा अचानक उद्भवणाऱ्या दुखण्यासाठी आहे. नेहमीची साखर तपासणी, गुडघ्याची फिजिओथेरपी, चष्म्याचा नंबर यांच्यासाठी तो नाही. जुन्या आजाराचा भाग तर अनेक पॉलिसींत सरळ वगळलेला असतो किंवा ‘जीवघेणी परिस्थिती असेल तरच, ठरावीक रकमेपर्यंत’ अशा शब्दांत बांधलेला असतो. त्यामुळे पॉलिसी घेताना हप्त्याआधी हे एक कलम वाचावे. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी जुन्या आजाराची गुंतागुंत सामावून घेणारी पॉलिसी मागावी आणि रक्कम व्हिसापुरती किमान न ठेवता जास्त ठेवावी. शेंजेनबाहेर कुठे फिरायचे असेल, तर तो देश पॉलिसीत आहे का तेही बघावे.

‘मुलाचा तिकडे विमा आहे की’ हा आणखी एक गैरसमज. जर्मनीत आरोग्यविमा सक्तीचा आहे, आणि त्याची सुरुवात थेट १८८३ च्या कायद्यापासून होते. सार्वजनिक विम्यात पगाराच्या १४.६ टक्के मूळ वर्गणी आणि प्रत्येक विमा संस्थेची थोडी जादा वर्गणी असते. दोन्हींचा निम्मा भार कर्मचारी उचलतो, निम्मा कंपनी. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगारावरच ती कापली जाते. नोकरी न करणारा जोडीदार आणि मुले त्याच वर्गणीत येतात. पाहुणे म्हणून आलेले आईवडील मात्र येत नाहीत.

भारतीय कंपनीकडून काही काळापुरत्या जर्मनीत गेलेल्यांचा गोंधळ वेगळा असतो. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्यानुसार पीएफ कार्यालयाकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्रामुळे तिथल्या पेन्शनची वर्गणी टळते. पण ते आरोग्यविम्याचे कार्ड नव्हे. आपला विमा तिथला सार्वजनिक आहे, खासगी आहे की कंपनीने भारतातून काढलेला आहे, बायको-मुले त्यात आहेत का, बाळंतपण आहे का, हे विमानात बसण्यापूर्वी मनुष्यबळ विभागाकडून लेखी घ्यावे.

तिथला दवाखाना कसा चालतो?

काळेवाडीत ताप आला की संध्याकाळी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जाऊन बाकावर बसायचे आणि नंबर आला की आत जायचे. जर्मनीत आधी वेळ घ्यावी लागते. प्रत्येकाने घराजवळचा एक कुटुंबवैद्य धरलेला असतो. विशेषज्ञाकडे सहसा त्याच्या चिठ्ठीने जातात आणि तिथे कित्येक आठवडे थांबावे लागू शकते. म्हणून आजारी पडण्याची वाट न पाहता, पोचल्यावर पहिल्या महिन्यातच कुटुंबवैद्य शोधून ठेवावा.

तातडीच्या वेळी दोन क्रमांक पाठ हवेत. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, श्वास लागणे, शुद्ध हरपणे यांसाठी ११२. रात्री किंवा रविवारी जोराचा ताप, उलट्या अशा थांबू न शकणाऱ्या पण जीवघेण्या नसलेल्या दुखण्यासाठी ११६११७. सार्वजनिक विम्यात डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधासाठी प्रौढ रुग्णाला सहसा ५ ते १० युरो आणि रुग्णालयात दिवसाला १० युरो, तेही वर्षातून जास्तीत जास्त २८ दिवस, एवढेच पदरचे द्यावे लागतात. आजारपणाची रजा पहिल्याच दिवशी कंपनीला कळवायची असते. दुखणे तीन दिवसांपेक्षा लांबले तर डॉक्टरांचा दाखला लागतो.

देश बदलला की हे सगळे बदलते. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ कामाला जाणाऱ्याला व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो वर्षाला १,०३५ पौंड आहे. भेटीला गेलेल्या आईवडिलांना मात्र इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर सहसा दीडपट दराने बिल येते. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाला कोणाही रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते, पैसे असोत वा नसोत. पण बिल नंतर घरी येते. तिथे पाहुण्यांसाठीच्या स्वस्त पॉलिसी प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कमच देतात, आणि प्रत्यक्ष बिल त्याच्या कित्येक पट असू शकते.

आखातात कामाला जाणाऱ्या, दहावी न झालेल्या कामगारांसाठी प्रवासी भारतीय विमा योजना आहे. दोन वर्षांना २७५ किंवा तीन वर्षांना ३७५ रुपये हप्ता आणि अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वाला १० लाख रुपये. ती प्रामुख्याने अपघातासाठी आहे, त्यामुळे मालकाने काढलेल्या आरोग्यविम्याची चौकशी वेगळी करावीच लागते. अगदीच अडचण आली तर भारतीय दूतावासाकडे संकटग्रस्त भारतीयांसाठी कल्याण निधी असतो, हेही ठाऊक असावे.

रिकामी स्ट्रिप म्हणजे प्रिस्क्रिप्शन नव्हे

इथे रिकामी स्ट्रिप दाखवली की मेडिकलवाला तीच गोळी देतो. त्या सवयीने अनेकांकडे गेल्या दोन-तीन वर्षांत लिहून घेतलेले प्रिस्क्रिप्शनच नसते. परदेशी औषध दुकानात भारतीय ब्रँडचे नाव कुणाला कळत नाही, आणि इथे मिळणारी दोन-तीन औषधांची एकत्र गोळी तिथे त्या रूपात नसते. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत असिटामिनोफेन होते, दम्याचे सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल होते. म्हणून प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम आणि वेळ हवी. खासगी डॉक्टरांचे पत्र असो की वायसीएमसारख्या महापालिकेच्या रुग्णालयातला केसपेपर, त्यावरून एका पानाचा इंग्रजी सारांश लिहून मागावा.

औषधे मूळ वेष्टनात, प्रिस्क्रिप्शनसह आणि हातातल्या बॅगेत असावीत. इन्सुलिन सामानाच्या मोठ्या बॅगेत गोठून निकामी होऊ शकते. जर्मनीत स्वतःपुरती साधारण तीन महिन्यांची औषधे नेता येतात. ‘संपली तर कुरियरने पाठवू’ हा भरवसा मात्र ठेवू नये, कारण भारतातून टपालाने औषधे मागवायला तिथे सहसा परवानगी नाही. ट्रॅमाडॉल, कोडीन, झोपेच्या गोळ्या अशी औषधे संयुक्त अरब अमिरातीत नेण्यापूर्वी तिथल्या सरकारची परवानगी लागते.

आकड्यांचाही घोळ होतो. आपल्याकडची १८० साखर ब्रिटनमध्ये आणि जर्मनीच्या काही भागांत १० अशी लिहिली जाते, कारण एकक वेगळे आहे. आपल्या आकड्याला १८ ने भागले की तिकडचा आकडा मिळतो. हे माहीत नसलेला माणूस ‘साखर दहावर आली’ म्हणून घाबरून साखर खाऊ शकतो. एचबीए१सी ७ टक्के असेल तर ब्रिटनच्या अहवालात ५३ दिसेल.

आणि जुना ईसीजी न्यायलाच हवा. अनेक हृदयरुग्णांचा आलेख नेहमीच थोडा वेगळा असतो. आजचा बदल नवा की जुना, हे ठरवायला डॉक्टरांना तो कागद फार उपयोगी पडतो. पण ईसीजीचा गुळगुळीत कागद काही वर्षांत पुसट होतो. त्याची झेरॉक्स काढावी, मोबाइलवर फोटो ठेवावा.

निघण्याच्या महिनाभर आधी

• विम्याच्या अर्जात प्रत्येक आजार, शस्त्रक्रिया आणि औषध खरे लिहा. भरलेल्या अर्जाची प्रत ठेवा.

• आजारांचा इंग्रजी सारांश, मूळ नावांचे प्रिस्क्रिप्शन, ईसीजी, स्टेंटचे कार्ड आणि ताजे रक्त अहवाल एका फाइलमध्ये लावा. फोटो मुलालाही पाठवा.

• साखर, रक्तदाब, दात आणि डोळे इथेच तपासून घ्या.

• विमा कंपनीचा चोवीस तास चालणारा मदत क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये घाला. रुग्णालयात दाखल होताच त्यावर कळवा.

• मूळ बिले, डिस्चार्ज कार्ड आणि पैसे भरल्याच्या पावत्या जपून आणा.

याहून महत्त्वाचे काम कागदाशिवायचे आहे. मुलाने निघण्याआधी आईवडिलांना फोनवर स्पष्ट सांगावे: ‘छातीत दुखले, हात जड पडला, दम लागला तर मला रात्री कितीही वाजता उठवायचे. बिलाचे आपण नंतर बघू.’ आणि वडिलांनी तसा शब्द द्यावा. फाइलमुळे काटा तेवीसच्या पुढे जात असेल, तर लाडवांचा एक डबा मागे राहिला तरी चालेल. नातवाला आजोबा धडधाकट भेटले पाहिजेत.