पंचवीस वर्षांची एक चौकट

मळवली स्टेशनात उतरून दक्षिणेला वळलं की भाजे. तिथल्या एका विहाराच्या ओसरीत सूर्य आणि इंद्र म्हणून ओळखली जाणारी दोन शिल्पं आहेत, आणि बहुतेक लोक ती पाहून परततात. शिल्पं आहेतही तशीच. रथाच्या चाकांखाली अगडबंब राक्षसी देह पसरलाय, शेजारच्या हत्तीने झाड मुळासकट उपटून सोंडेत धरलंय. मला मात्र ओढून नेतात ते तिथल्याच खांबाच्या माथ्यावरचे प्राणी. कमरेच्या वर बाई, खाली गाईगुराचं धड. सुमारे २,२०० वर्षांपूर्वी कुणा पाथरवटाने त्यांना इतक्या सहजपणे बसवलंय, की असली जनावरं मावळात रोज पाणवठ्यावर येत असावीत!

या पट्ट्याला रूप बदलणाऱ्यांचं वेडच दिसतं. रेल्वेच्या पलीकडे, कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका खांबावरही माणसाच्या तोंडाचं जनावर बसलंय. मुंबईत १८९४ साली सुरू झालेला राजा रविवर्म्याचा छापखाना १८९९ च्या सुमारास मळवलीला आला आणि वराह, नरसिंह घरोघरच्या भिंतींवर पोचले. तेही दगडावरूनच, कारण ती शिळाछपाई होती. एकेका रंगाला एकेक वेगळी शिळा. या छापखान्यासाठी काम केलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांनी १९०८ च्या सुमारास लोणावळ्यात स्वतःचा छपाईचा कारखाना काढला. पुढे तो मुंबईला, दादरला गेला.

याच दादासाहेब फाळक्यांच्या नावापुढे आपण ‘राजा हरिश्चंद्र’ लिहितो आणि थांबतो. पण त्याच्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीतला वाटाणा चित्रित केला होता. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, महिनाभर थोडीथोडी फिल्म घ्यायची. पडद्यावर दाण्यातून कोंब, कोंबातून वेल झरझर उलगडतो. ही फिल्म मिनिटभराची होती असं सांगतात आणि रोज एकच चौकट घेतली असंही सांगतात. दोन्ही एकदम खरं असणं कठीण. मूकपट सेकंदाला साधारण १६ चौकटींनी चाले, म्हणजे मिनिटाला ९६० लागतात, दिवसाला ३२. रोज एकच घेतली असती तर महिन्याचा वाटाणा दोन सेकंदांत आटोपला असता. १९१५ मध्ये त्यांनी आगकाड्याही अशाच नाचवल्या. चौकट घ्यायची, काडी जराशी सरकवायची, पुन्हा चौकट.

हीच युक्ती वंशावळीला लावून बघू. दर २५ वर्षांना एक चौकट. आई, तिची आई, तिची आई, असं मागे जायचं, वेग सेकंदाला १६. लोहगड पहिल्यांदा स्वराज्यात आला तो क्षण जेमतेम एका सेकंदावर आहे. भाजेचा पाथरवट ८८ चौकटींवर, म्हणजे साडेपाच सेकंदांत गाठला. माणूस ही जात साधारण ३ लाख वर्षांची: १२,००० चौकटी, साडेबारा मिनिटं. मळवलीहून सुटलेली लोकल लोणावळ्यात शिरेपर्यंत आपली सगळी माणुसकी संपते म्हणायची. चिंपांझी आणि आपण ज्या पूर्वजात एकत्र येतो, तो साडेचार तासांवर.

आता भाजेच्या त्या गाय-बाईकडे. तिला खरीखुरी वंशावळ द्यायची असेल, तर बाईची आणि गाईची अशा दोन फिल्मा एकाच वेळी उलट्या फिरवाव्या लागतील, दोन्ही पडद्यांवर एकच प्राणी दिसेपर्यंत. हे घडतं सुमारे ९ कोटी वर्षांमागे. ३६ लाख चौकटी, साडेबासष्ट तास. अडीच दिवस डोळ्यांत तेल घालून बसलात तर शेवटी काय दिसतं? चिचुंद्रीसारखं एक किरकोळ, बहुधा किडेमुंग्या खाणारं जनावर. गाय, घोडा, डुक्कर, सिंह हे सगळे त्याच फाट्यावर आपल्याला भेटतात. म्हणजे घोडमुखी किन्नर, वराह आणि नरसिंह या तिघांचा खापरपणजोबा एकच! मत्स्यासाठी मात्र सुमारे ४३ कोटी वर्षं मागे, १२ दिवसांहून जास्त, बसावं लागेल. कूर्मासाठी सव्वानऊ दिवस. दशावतारात उत्क्रांती शोधणारे इथे खूश होतील, पण वराह आणि नरसिंहांत पुढचा-मागचा कोण हे ही फिल्म त्यांना सांगणार नाही.

हिशेबात एक लबाडी आहे, ती सांगून टाकतो. चौकट २५ वर्षांची धरली ती माणसाच्या पिढीवरून. चिचुंद्रीएवढ्या जनावराची पिढी वर्षाच्या आतबाहेर पालटते. दर पिढीला चौकट द्यायची म्हटलं तर अडीच दिवसांचे काही आठवडे होतील. आणि इतक्या लाखो चौकटींत कुठेही बोट ठेवून ‘इथे रूप बदललं’ म्हणता येणार नाही. प्रत्येक चौकटीतली लेक आईसारखीच असते. गोष्टीतला मायावी एका क्षणात हरीण होतो. इथे कुणीच कधी काही होत नाही, आणि तरी चिचुंद्रीची एका बाजूला गाय होते, दुसऱ्या बाजूला तिकिटाच्या रांगेतला माणूस.

भाजेचा कातळ लाव्हाचा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा. तो तापून वाहत होता तेव्हा आपला हा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. आणि ज्या प्राण्याच्या दोन वंशांना पाथरवटाने त्या खांबावर पुन्हा एकत्र आणलं, तो प्राणी मरून तोवर २ कोटी ४० लाख वर्षं उलटली होती: आपल्या फिल्मच्या हिशेबात ९ लाख ६० हजार चौकटी, सोळा तास चाळीस मिनिटं.